शेषराव ड्रायव्हरची मागची बैठक

शेषराव ड्रायव्हर मला आवडत नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्यानं पुढं भलती आशा धरू नये. तो मेल्याचं मला फार उशिरा समजलं. वेळेवर समजलं असतं तरी मी गेलो नसतो. घरचे म्हणतात, आता तुमचंही वय झालं, राग धरून काय फायदा. त्यांना म्हणायला काय जातं. राग माझा आहे, मी तो सांभाळला आहे, आणि तो अजून शाबूत आहे.

माझं त्याच्याशी भांडण एकाच गोष्टीचं होतं. मी शिवलेल्या सीटवर मी बसायचं की नाही. बाहेरच्या माणसाला ही गोष्ट एवढीशी वाटेल. मला ती तेव्हा एवढीशी वाटली नाही आणि आजही वाटत नाही.

दारव्ह्याला मोटार स्टँडजवळ माझं गाद्या शिवायचं दुकान होतं. शाळा मी तिसरीत सोडली. पण चामडं मी वाचू शकत होतो, आणि ते वाचणारे तालुक्यात फार नव्हते. काम मला यवतमाळच्या लतीफचाचांनी शिकवलं. चाचा आधी टांग्याच्या गाद्या करायचे, मग मोटारी वाढल्या तसे मोटारीच्या करू लागले. त्यांचा एक कायदा होता. सीट गाडीत बसवून झाली की आधी कारागिरानं तिच्यावर बसायचं. "पहले तू बैठ, फिर मालिक बैठेगा," असं ते म्हणायचे, आणि बसल्याशिवाय सीट दुकानाबाहेर जाऊ द्यायचे नाहीत. याच्यात थाट नव्हता. सीटच्या आत स्प्रिंगा असतात, त्या सुतळीनं एकमेकींना बांधलेल्या असतात, वर काथ्या, वर कापूस, वर चामडं. कोणती गाठ ढिली राहिली, कोणती स्प्रिंग वर आली, हे हाताला समजत नाही. बसलं की समजतं. आणि बांधणाऱ्यालाच समजतं, कारण कोणती गाठ कुठं मारली ते त्याच्याच डोक्यात असतं. जमिनीवर ठेवून बसलं तरी चालत नाही. गाडीच्या सांगाड्यावर सीट जशी टेकते तशी ती जमिनीवर टेकत नाही.

आता शेषराव.

जिनिंगवाल्या शेठजींची एक जुनी विलायती गाडी होती. बाहेरून काळी, आतून लाल. ते चामडं मुळात डाळिंबाच्या सालीच्या रंगाचं होतं, मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला त्याच्यावरून हात फिरवावासा वाटला. शेषराव त्या गाडीचा ड्रायव्हर. गाडी शेठजींची, पण तिच्यात कोणी कसं बसायचं हे शेषराव ठरवायचा.

माणूस उंच, वाळलेला, लांब मानेचा. अंगात खाकी कोट. त्या कोटाची पितळी बटणं त्यानं काढून टाकली होती आणि बायकोकडून कापडाच्या गुंड्या शिवून घेतल्या होत्या, कारण पितळेनं चामड्यावर ओरखडा येतो. कमरेला पट्टा नाही. चाव्या खिशात नाहीत, गळ्यात दोऱ्याला. स्वतः बसायचा तिथं गोणपाटाची घडी, तिच्यावर धुतलेला पंचा. आणि पाठ टेकायची नाही. दारव्ह्याहून नागपूरपर्यंत हा माणूस पाठ न टेकता जायचा, बैलगाडीच्या धुरेवर बसल्यासारखा, पुढं वाकून.

दुसऱ्यांनाही त्याचं तेच सांगणं. "टेकू नका." गाडीत पाय ठेवला की पहिला शब्द हा. स्टँडवरचे पोट्टे त्याला लांबून "ओ टेकूनका" अशी हाक मारून पळायचे. त्यानं मोठ्या मोठ्यांना सोडलं नाही. तहसीलच्या एका साहेबाला त्यानं खिशातला पेन काढून सगळ्या वाटेनं हातात धरायला लावला. शेठाणीबाईंच्या अंबाड्यातला काटा तो आरशातून पाहत राहायचा. खुद्द शेठजींना पान थुंकून, चूळ भरून मगच आत घ्यायचा, आणि शेठजी ते ऐकून घेत. त्यांना गाडी चालवता येत नव्हती. दुसरं म्हणजे एवढी निगा ठेवणारा माणूस पगारात भेटला, हे ते चारचौघांत अभिमानानं सांगायचे.

चालवायचा चांगला. कधी हॉर्न वाजवून म्हातारं माणूस दचकवलं नाही, कधी कोणाचं वासरू चाकाखाली घेतलं नाही. हे मी त्याच्या बाजूनं लिहितो, आणि बाजूनं लिहिण्यासारखं माझ्याजवळ एवढंच आहे.

शेठजी ओळखीच्या माणसांना लग्नात गाडी द्यायचे. एकदा बोरी अरबला एका पाटलाकडं वरातीसाठी दिली. त्या दिवशी मी बाजाराला बोरीत होतो, म्हणून ही गोष्ट ऐकीव नाही. नवरदेव बाहेर आला तो अंगभर पिवळा. हळद ओली, वर तेल. शेषरावनं त्याला पाहिलं आणि मागचं दार बंद करून दारापुढं उभा राहिला. नवरदेवाचा मामा तणतणत आला. शेषराव म्हणे, हळद उतरवून आणा, मग बसवा. मामा म्हणाला, "अरे नवरदेव हाय तो." शेषराव म्हणाला, "असल. पिवळा हाय ना."

मुहूर्त कोणासाठी थांबतो. शेवटी वरात निघाली ती अशी, की पुढं बँडवाले, त्यांच्या मागं झेंडूच्या माळा घातलेली मोटार, आत कोणी नाही, आणि मोटारीच्या मागं बाशिंग बांधलेला नवरदेव धुळीत पायी. बोरीचे लोक पुढं कितीतरी दिवस म्हणत होते की पाटलानं मोटारीचंच लग्न लावलं. सगळा बाजार हसला. मी हसलो नाही. हसण्यासारखं होतं, पण शेषरावचं काही मला आवडलं असं दिसायला नको.

त्याची बायको एकदा आजारपणातून उठून गावाहून रेल्वेनं दारव्ह्याला आली. गाडी स्टेशनवर उभीच होती, शेठजींचा कोणी पाहुणा उतरायचा होता तो आलाच नव्हता. रिकामी गाडी. शेषरावनं बायकोचं गाठोडं खांद्यावर घेतलं, तिला चालवत घरी नेऊन सोडलं, आणि परत येऊन गाडी नेली. ही गोष्ट लोक मला त्याच्या बाजूनं सांगतात. म्हणतात, पाहा मिस्तरी, त्यानं स्वतःच्या बायकोलेही बसू दिलं नाही, मग तुमचंच काय एवढं. मी म्हणतो, बायकोला बसू दिलं नाही म्हणून माझा अपमान कमी कसा होतो? तिनं ती सीट शिवली नव्हती.

आता तेलाचं सांगतो, कारण सगळं त्याच्यावरून पुढं गेलं.

जिनिंगच्या आवारातच सरकीचं तेल निघायचं. शेषराव रोज सकाळी चिंधीवर ते तेल घ्यायचा आणि सगळ्या सीटा चोळायचा. रोज म्हणजे रोज, सणवार नाही. हे त्याला त्याच्या बापानं शिकवलं होतं. आताच्या पोरांनी मोट पाहिली नसेल. विहिरीतून बैलांनी पाणी ओढायची ती चामड्याची मोठी पिशवी. तिला तेल पाजावं लागतं, नाहीतर ती तडकते. शेषरावचा बाप मोटेला तेल पाजायचा, शेषरावनं मोटारीच्या सीटला पाजलं. मोटेचं चामडं जाड, दिवसभर पाण्यात. सीटचं चामडं पातळ, वरून रंगवलेलं, दिवसभर उन्हात. सरकीचं तेल त्याच्यात जिरत नाही, वर राहतं, चिकट होतं, त्याच्यावर धूळ बसते, मग ती धूळ वाळूच्या कागदासारखी चामडं खाते. तेल टाक्यांतून आत उतरलं की दोरा कुजतो. आणि सरकीचा वास उंदराला किती आवडतो हे कापसाच्या मुलखात कोणाला सांगायला नको. डाळिंबी रंग गेला, सीट भाजलेल्या वांग्यासारखी झाली. शेषराव तिच्याकडं पाहून म्हणायचा, चमक पाहा.

शेषराव आणि मी एकाच गावचे. बोरीकडचं गाव. त्याच्या बापाचा बैल मेला की माझा बाप तो ओढून न्यायचा. ओढायचाच, विचारायचं काम नव्हतं. छप्पन साली आमचे लोक नागपूरला जाऊन आले आणि तिथून आल्यावर गावातलं मेलेलं ढोर ओढणं आम्ही सोडलं. गावानं खूप त्रास दिला, तो इथं लिहीत नाही. मी तेव्हा चाचांकडं शिकत होतो, पुढं दारव्ह्याला दुकान टाकलं. लोक मला मिस्तरी म्हणू लागले. शेषरावनं मला कधी मिस्तरी म्हटलं नाही. नावानंही हाक मारली नाही. "ए गादीवाल्या."

पहिल्यांदा तो आला तो पुढच्या सीटची शिवण उसवली म्हणून. काम थोडं होतं. मी शिवत होतो आणि हा माझ्या डोक्यावर उभा. हात धुतले का, सुई गंजली तर नाही, असं चाललं होतं. मी त्याला सरळ सांगितलं की तेल बंद करा शेषराव, सीट मरून राहिली आहे. तेव्हा मी त्याला अहोजाहो करत होतो. तो हसला. स्टँडवरची चार माणसं होती, त्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मेलेलं ढोर ओढत नाई म्हणता, आन् मेलेल्या ढोराचं कातडं शिवत बसता. हे कोणतं रे ग्यान?"

मी सुई खाली ठेवली. म्हणालो, "ओढाले आमाले लावलं होतं. शिवाले मी माह्या मनानं बसलो. समजलं का तुले?"

त्या "तुले"वर तो जरा मागं सरकला. दारव्ह्याच्या बाजारात त्याला माझ्यासारख्यानं अरेतुरे केलं नव्हतं. त्या दिवसापासून मी त्याला अरेतुरेच केलं.

सीट बसवली. मी बसायला वळलो तर हा आधीच स्टिअरिंगमागं. म्हणाला, "शिवून झालं ना? मंग काय आता तिची पूजा करतं?" चिंधी काढली, माझा हात जिथं जिथं लागला होता तिथं तिथं तेल चोळलं, आणि गाडी घेऊन गेला. माझी पहिली सीट होती ती, जी मी न बसता गेली. लोक म्हणतात, तो सगळ्यांच्याच मागून चोळायचा, शेठजी उतरले तरी चोळायचा. चोळत असेल. माझ्यासमोर त्यानं माझ्या हाताच्या मागून चोळलं, आणि मी तेवढंच पाहिलं.

मी मनाशी ठरवलं की ही गाडी परत माझ्या दारात येईल, आणि तेव्हा मी बसल्याशिवाय ती हलणार नाही.

ती आली. चीनची लढाई व्हायच्या आधीचा उन्हाळा होता. शेठजींच्या मुलीची सोयरीक यवतमाळला जमत होती. व्याही पाहायला आले, शेषराव त्यांना आणायला गेला. पांढरंशुभ्र धोतर, मोठा माणूस, शेषरावनं "टेकू नका" म्हटलं तरी तो टेकला. दारव्ह्याला जिनिंगच्या फाटकातच मागची सीट उभी फाटली. व्याही अर्धे आत गेले. त्यांना हात देऊन वर काढलं तर धोतर मागून काळं, आणि फाटलेल्या जागेतून उंदराचं पिल्लू बाहेर आलं. शेठजी सगळ्या हमालांसमोर शेषरावला बोलले. म्हणाले, ते चामडं फाडून फेक, सरसकट रेक्झिन मारून आण, आणि साखरपुड्याला व्याह्यांना याच गाडीतून आणायचं आहे, तोवर नाही झालं तर दुसरा ड्रायव्हर पाहतो.

रेक्झिन म्हणजे नकली चामडं, कापडावर चढवलेलं. आमच्याकडं तेव्हा नवं नवं आलं होतं. शेषरावला रेक्झिनचा असा तिटकारा होता की ज्या गाडीत रेक्झिन असेल तिच्याशेजारी तो आपली गाडी उभी करायचा नाही. तो माझ्याकडं आला तो पडलेल्या तोंडानं आला असेल असं कोणाला वाटलं तर चूक आहे. त्याच ताठ मानेनं आला. शेठजींना त्यानं गळ घालून तेवढं मान्य करून घेतलं होतं की चामडं वाचत असेल तर वाचवा.

म्हणाला, "ए गादीवाल्या, हे चामडं वाचते का?"

मी सीट उचलून उन्हात आणली, उलटी केली. आत काथ्या राहिलाच नव्हता. उंदरांनी जिनिंगमधला कापूस आणून पक्की घरं केली होती, माझ्या भरण्यापेक्षा चांगली. दोरा बोटानं तुटत होता. पण चामडं, खरं सांगतो, आतल्या बाजूनं अजून जिवंत होतं. मी म्हणालो वाचते. दोन गोष्टी मात्र. तेलाची चिंधी आजपासून बंद. आणि सीट बसवल्यावर मी तिच्यावर बसून पाहीन, मग गाडी जाईल. पहिल्या गोष्टीला तो काही बोलला नाही. दुसरीलाही बोलला नाही. मी ते हो समजलो.

काम मी माझ्या जन्मात इतकं मन लावून केलं नाही. त्याच्यासाठी नव्हे. चामडं उसवून काढलं, त्याच्यावर मुलतानी मातीचा कोरडा थर दाबून सावलीत ठेवलं. मातीनं तेल ओढलं की माती काळी होते, ती झटकायची, नवी लावायची. असं करत करत चामडं हलकं झालं. मग रिठ्याच्या फेसानं, ओल्या फडक्यानं पुसून घेतलं, पाण्यात बुडवलं नाही. फाटल्या जागी आतून बकरीच्या पातळ चामड्याचं ठिगळ, वरून दिसणार नाही असं. दोऱ्याला मेण. स्प्रिंगा सगळ्या नव्यानं बांधल्या. शेवटी रंग, आणि वरून मेणाचा अगदी हलका हात.

शेषराव रोज येऊन दुकानाबाहेर उभा राहायचा. आत यायचा नाही. मातीखाली झाकलेलं चामडं पाहून म्हणायचा, "पुरलं का तिले?" रंग दिल्यावर म्हणाला, पहिल्यासारखा नाही आला. नाहीच आला. मधला पट्टा बाजूच्यापेक्षा जरा फिका राहिला, मला मूळचा रंग भेटला नव्हता. एवढं त्याचं खरं होतं. पण तो हे अशा सुरात म्हणाला की जणू मी मुद्दाम केलं.

मला कोणी विचारेल की सीट तुझ्याच दुकानात होती, तो बाहेर होता, तुला कोणी अडवलं होतं बसायला? चोरून बसायचं असतं तर कितीदा बसलो असतो. मला गाडीत बसायचं होतं, रस्त्यावर, त्याच्यासमोर.

साखरपुड्याच्या दिवशी सकाळी शेषराव गाडी घेऊन आला. धुतलेली, पुसलेली. दोघांनी मिळून सीट आत चढवली. त्याच्या हातात एक टोक, माझ्या हातात एक. सीट खाचेत बसली. मी हात पुसले आणि वळलो तर हा दारात उभा, एक हात वरच्या कडेला, एक दारावर. बोरीला नवरदेवापुढं उभा राहिला होता अगदी तसा.

मी म्हणालो, "सरक. मले बसून पाहू दे."

"कायले?"

"बैठक पाहाची हाय."

"हातानं पाय."

"हातानं समजत नाई."

"मंग मी बसतो आन् तुले सांगतो."

"तुले काय समजते? तू त टेकतच नाई."

पानठेल्यावर हसू फुटलं. शेषरावचे कान लाल झाले. पुढच्या दाराशी जाऊन त्यानं आपल्या जागेवरचा पंचा ओढला, मागच्या सीटवर पसरला आणि म्हणाला, "घे. याच्यावर बस."

आता लोक हेही मला सांगतात, की स्वतःचा पंचा दिला त्यानं, ज्याच्यावर तो रोज बसायचा. दिला. पण तो पंचा माझ्यासाठी नव्हता, सीटसाठी होता. मी तो उचलून त्याच्या खांद्यावर टाकला. म्हणालो की मी शिवलेल्या सीटवर माझ्या खाली कोणाचं फडकं लागत नाही. आणि सीट खाचेतून उपसून, एकट्यानं उचलून, दुकानात नेऊन ठेवली आणि उंबऱ्यावर बसलो.

तो गाडीपाशी, मी उंबऱ्यावर. ऊन चढत होतं. यवतमाळला जायची वेळ निघून चालली होती. कोणीतरी जिनिंगला जाऊन सांगितलं असेल, शेठजी स्वतः टांग्यातून आले. डोक्याला फेटा, साखरपुड्याचे कपडे. त्यांनी दोन मिनिटांत सगळं ऐकून घेतलं. हिशोबी माणूस. म्हणाले, "अरे मिस्तरी, बैठ ना भाई. तुझ्या बसण्यानं काय झिजून राह्यलं? बैठ और छोड."

मी सीट आणली, एकट्यानंच बसवली. शेषराव बाजूला झाला होता, मालक आले म्हणून. दार उघडं होतं. मी आत पाय टाकला असता तर गोष्ट तिथंच मिटली असती.

मी म्हणालो, "तुमी नोका सांगू, शेठजी. अडवलं यानं. बस म्हणून यानंच म्हणावं."

शेठजींनी कपाळावर हात मारला. मग शेषरावकडं वळून समजुतीनं म्हणाले की एक शब्द आहे रे बाबा, बोलून टाक, व्याही वाट पाहत असतील, माझी इज्जत आहे. शेषराव जमिनीकडं पाहत होता. शेठजींनी परत सांगितलं. तिसऱ्यांदा आवाज चढवून सांगितलं, की बोल, नाहीतर उद्यापासून येऊ नको.

तेव्हा शेषरावनं मान वर केली. शेठजींकडं नाही, माझ्याकडं पाहिलं. म्हणाला, "तुया बापानं माह्या बापाले कधी अट नाई घातली."

मी म्हणालो, "म्हणून त मी घालून राह्यलो."

मला वाटलं आता म्हणेल. त्याचा जबडा हललाही. मग त्यानं गळ्यातला दोरा डोक्यावरून काढला, चाव्या शेठजींच्या हातात ठेवल्या आणि अगदी साध्या आवाजात, घरी निघताना सांगावं तसं सांगितलं, की गाडीत पाणी भरलं आहे, डावं चाक जरा पाहून घ्या. आणि बोरीच्या रस्त्यानं चालू लागला.

शेठजी ओरडले, "शेषराव!" तो थांबला नाही. पुन्हा ओरडले. स्टँडवर माणसं उभी राहिली. त्यांना वाटलं असेल तो वळून पाहील, गाडीकडं तरी. तो वळला नाही. अंगात तो खाकी कोट, पाठ सरळ, लांब मान, सडकेच्या मधोमध चालला होता, आणि मागून येणारी बैलगाडी त्याला वळसा घालून गेली.

मी मागचं दार उघडलं आणि आत बसलो. पाठ टेकली. दोन्ही हात बाजूला चामड्यावर पसरले. डावीकडं सरकून पाहिलं, उजवीकडं सरकून पाहिलं, मध्ये बसलो. समोरच्या काचेतून सडक दिसत होती आणि सडकेवर तो. बाभळीच्या वळणापर्यंत मी त्याच्याकडं पाहत राहिलो. मग तो दिसेनासा झाला.

शेठजी दाराशी उन्हात उभे होते, हातात चाव्या. फेट्याखालून घाम येत होता. स्टँडवर दुसरं कोणी ती गाडी चालवू शकणारं नव्हतं, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

"मिस्तरी," ते म्हणाले, "आता गाडी कोण नेईल?"

मी म्हणालो, "बैठक बरोबर हाय, शेठजी."